देखण्या चौकातला उतारा

बेंगळुरू शहरातल्या, त्यातही चामराजपेटेतल्या समस्त मराठी स्त्री-पुरुषांस, तसेच ज्यांना मराठी कळते पण तोंड उघडल्यावर कन्नड बाहेर पडते अशा सर्व बांधवांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आपल्या पेटेतील एका ज्येष्ठ रहिवासी महिलेने गेल्या जून महिन्यात युरोप खंडात जाऊन, ब्रसेल्स या राजधानीच्या शहरी, जगातला सर्वांत देखणा म्हणून नावाजलेल्या चौकात, भर दुपारी, शेकडो लोकांच्या समक्ष दहीभात ठेवला. सदर महिला माझी थोरली बहीण आहे. सदर दहीभात चौकापर्यंत वाहून नेण्याचे काम मी केले. कोणास तक्रार असल्यास ती माझ्याकडे करावी.

परत आल्यापासून ही गोष्ट मी कॉफीच्या दुकानापासून मुंजीच्या पंगतीपर्यंत सगळीकडे सांगितली आहे. सांगता सांगता ती वाढली. आधी तिच्यात एक पोलीस आला. मग पोलिसाबरोबर कुत्रा आला. बळेपेटेतल्या मित्राच्या दुकानात सांगितली त्या दिवशी तर अख्खा चौक रिकामा करण्यात आला आणि वर हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागलं. माणसं पोट धरून हसतात, मीही हसतो आणि तिथेच थांबतो. प्रत्यक्षात हेलिकॉप्टर नव्हतं, कुत्रा नव्हता, आणि जो एक पोलीस होता तो सावलीत उभा राहून आइस्क्रीम खात होता. घडलं ते याहून खूप साधं होतं. ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आमचं घराणं चारेकशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आलं असं घरात सांगतात. घोडे कधी विकले ते कोणाला ठाऊक नाही. मला कळायला लागल्यापासून स्कूटरच आहे. मराठी उरली ती उंबरठ्याच्या आत, आणि तीही अशी की माझी ही बहीण भांडणाची सुरुवात मराठीत करते आणि निकाल कन्नडमध्ये देते. तिला मी अक्का म्हणतो. पेटेतला भाजीवालाही अक्का म्हणतो. मेव्हणे जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, लग्नानंतर ब्रसेल्सला गेली. जावई पुण्याचे. माणूस अगदी सज्जन, फक्त इंग्रजी बोलताना मधूनमधून मराठी क्रियापदं घालतात.

भाचीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल हाती लागलं नाही. पहिल्यांदा तिसऱ्या महिन्यातच सगळं आटोपलं. दुसऱ्यांदा सातवा लागला होता. तेव्हा ती अक्काकडे चामराजपेटेत आली होती, आणि अक्काने डोहाळजेवण केलं. अर्धी पेट जेवली. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा. माईक माझ्या हातात होता, आणि माईक हातात आला की माझं काय होतं ते पेटेला माहीत आहे. बायकांनी ओट्या भरल्या, कानशिलावर बोटं मोडली, फोटो काढून जगभर धाडले. आठवडाही उलटला नव्हता, आणि दवाखान्यातून भाची मोकळ्या हाताने घरी आली. डॉक्टरांनी कारण सांगितलं. ते वैद्यकीय होतं. मला पटलं, भाचीला पटलं. अक्काला पटलं नाही. "एवढ्या डोळ्यांपुढे मीच तिला नेऊन बसवली," असं ती एकदा म्हणाली आणि मग त्यावर पुन्हा बोलली नाही.

त्यामुळे तिसऱ्या वेळी भाचीने कळवलं तेच मुळी पाचवा संपत आल्यावर, आणि फोनवर अटी घातल्या. कोणाला सांगायचं नाही. झबलं, दुपटं, बांगड्या, काहीही आणायचं नाही. डोहाळजेवणाचं नाव काढायचं नाही.

"ये, पण नुसती ये," ती आईला म्हणाली.

फोन ठेवल्यावर अक्का माझ्याकडे बघत राहिली. "नुसती कशी जाऊ रे? मैसूरला जाताना मी नुसती जात नाही."

अक्काने एकटीने विमानात बसणं शक्य नव्हतं, म्हणून सोबतीला मी. माझी बायको म्हणाली, जा, घर दोन आठवडे शांत राहील. अक्काची बॅग मीच बंद केली. आत बेडगी मिरच्या होत्या, मोहरी होती आणि जाड मिठाची पुरचुंडी होती.

"अक्का, मीठ?"

"तिकडचं बारीक असतं."

"मग?"

"मग काय मग. तू झिप लाव."

मी झिप लावली. जाड मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या एकत्र कशासाठी लागतात हे न कळायला मी काही पुण्याचा जावई नव्हतो.

भाचीचं घर चौथ्या मजल्यावर, उजेडाचं, नीटनेटकं. त्यात एक खोली कायम बंद. पहिल्याच दिवशी न्हाणीघर शोधताना मी तिचं दार उघडलं. आत काहीच नव्हतं. झाडून पुसून ठेवलेली जमीन, उघडी खिडकी, पडदासुद्धा नाही. मी दार लोटलं आणि बाहेर येऊन एकदम वेगळ्याच विषयावर बोलू लागलो.

बोलणं हेच माझं तिथलं काम होतं. भाची बोलता बोलता मध्येच थांबायची. हातातला चमचा तसाच, नजर कुठेच नाही. मग आत काहीतरी हललेलं तिला जाणवायचं आणि ती राहिलेलं वाक्य पुरं करायची. तेवढा वेळ अक्का श्वाससुद्धा घ्यायची नाही. कधी कधी ते थांबणं लांबायचं. अशा वेळी भाची माझ्याकडे न बघता हळूच म्हणायची, "मामा, तू बोल ना काहीतरी." मग मी आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या मिरवणुकीत पोलीस इन्स्पेक्टरच कसा नाचू लागला ते सांगायचो, नाहीतर के. आर. पुरमला गाडी चुकल्यावर मी स्टेशन मास्तरांच्या खोलीत कसा जेवलो ते. ती हसायची. हात मात्र पोटावरून काढायची नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी भाची आंघोळीला गेलेली पाहून अक्काने शेगडीवर तवा ठेवला आणि मीठ-मोहरी-मिरच्या त्यावर टाकल्या. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट पक्की असते, असं आमच्याकडे मानतात. ठसका लागायच्या आत छतावरची धुराची घंटा अशी काही किंचाळू लागली की खालच्या मजल्यावरचे म्हातारेबुवा पायमोज्यांनिशी जिन्यात आले. मी त्यांना हातवारे करून सांगितलं की आम्ही जेवण करतोय. ते म्हणाले असावेत की देव तुमचं रक्षण करो.

भाची ओल्या केसांनी बाहेर आली. ती रागावली नाही, तेच मला जड गेलं.

"आई, हे इथे नाही करायचं."

"मी काय केलं? फोडणी."

"आई."

"सरी, सरी. बरं, नाही करत."

अक्काने तवा घासून ठेवला. संध्याकाळी बाल्कनीत ती माझ्याशेजारी येऊन बसली. संध्याकाळ म्हणजे घड्याळातली. तिथे जूनमध्ये सूर्य रात्री दहापर्यंत बुडत नाही, आणि अक्काचा सगळ्यात मोठा आक्षेप त्यालाच होता. तिन्हीसांजा होतच नाहीत अशा गावात पोरीने संसार मांडला, तर दिवा लावायचा कधी?

"इथे चौक कुठे आहे रे?" तिने विचारलं.

"कसला चौक?"

"चौक रे. रस्ते मिळतात तो."

"खाली सिग्नल आहे की."

"तिथे कॅमेरे आहेत. आणि कचऱ्याची गाडी सकाळ-संध्याकाळ. चांगला मोठा बघ. पुष्कळ रस्ते मिळतात असा."

आता मला सगळं समजलं. हसू आलं.

आमच्याकडे अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात पाहिलं तर कुठे ना कुठे पानावर दहीभात दिसतो, त्यावर कुंकू, लिंबू, मिरच्या. घरातल्या दुखणेकऱ्यावरून तो उतरवलेला असतो, म्हणून त्याला उतारा म्हणायचं. त्या माणसाचं दुखणं भातात उतरतं आणि चौकात ठेवलं की आलेल्या वाटांपैकी एखादी धरून निघून जातं. चालत जाणारे त्याला वळसा घालतात. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घातलेला पोरगा, ज्याचा कशावरच विश्वास नाही, तोही मोटरसायकल बाजूने काढतो. मी स्वतः कॉलेजात असताना देव नाही यावर दोन तास बोललो होतो, आणि तिथून घरी येताना लिंबू ओलांडलं नव्हतं.

हसू आवरून मी अक्काला म्हटलं, "मोठ्यात मोठा पाहिजे ना? आहे. लोक विमानं करून बघायला येतात असा आहे. सात रस्ते मिळतात."

"सात?" अक्काचे डोळे लकाकले.

"संकट मोठं तर चौकही मोठा नको?" मी म्हणालो. यातला पोरकटपणा माझा होता हे मान्य आहे. तिला मात्र त्यात काहीच पोरकट वाटलं नाही. ती मान डोलावत राहिली, एखाद्या डॉक्टरने मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहून दिल्यासारखी.

वेळेचा प्रश्न तिने स्वतःच सोडवला. उतारा तिन्हीसांजेचा. ब्रसेल्सला तिन्हीसांजा नाहीत. तेव्हा चामराजपेटेत दिवेलागण होईल ती वेळ धरायची, म्हणजे ब्रसेल्सची भर दुपार. "देवाला आपलंच घड्याळ ठाऊक," ती म्हणाली.

पत्रावळ नव्हती, द्रोण नव्हता. जावयांनी आमच्या स्वागताला आणलेल्या चॉकलेटांचा खोका रिकामा झाला होता. तपकिरी, जाड पुठ्ठ्याचा, सोनेरी फीत बांधलेला. अक्काने त्यात दहीभात भरला, लिंबू ठेवलं, मिरच्या ठेवल्या, कुंकू टाकलं. जावई कामावर होते. भाची जेवून सोफ्यावर आडवी झाली होती, डोळे मिटून. अक्काने तिच्या डोक्यापासून पायांपर्यंत खोका फिरवला, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी दारात उभा राहून बघत होतो. कॉलेजच्या नाटकात मी सबंध एक अंक प्रेत म्हणून पडलो होतो; झोपलेलं माणूस आणि झोपल्याचं दाखवणारं माणूस यांतला फरक मला कळतो. भाचीच्या पापण्या थरथरत होत्या. ती जागी होती आणि फिरवू देत होती.

खोका फिरवून झाल्यावर, उतारा ठेवणाऱ्याने तो ठेवून घरी येऊन पाय धुईपर्यंत बोलायचं नाही, आणि ठेवल्यानंतर मागे वळून बघायचं नाही, असा नेम. त्यामुळे भाची उठून केस बांधत "चला, मीही येते, मामाला वाट सापडणार नाही," असं म्हणाली तेव्हा अक्काची काय अवस्था झाली असेल ते बघा. जिच्यावरून उतरवलं तीच बरोबर निघाली, हे अगदी चुकीचं. सांगायचं तर तोंड बंद. अक्काने डोळे मोठे करून मला खुणावलं, मी डोळे मोठे करून तिला खुणावलं, आणि आम्ही तिघं ट्रॅममध्ये बसलो. खोका माझ्या मांडीवर, कापडी पिशवीत. वाटेत भाचीने आईला एकही प्रश्न विचारला नाही. जे विचारायचं ते सगळं तिने मला विचारलं.

तो चौक मी काय वर्णन करून सांगू. ग्राँ-प्लास त्याचं नाव. तुम्ही एका अरुंद गल्लीतून चालत असता, दोन्ही बाजूंना खाण्याची दुकानं, माणसांचे धक्के, आपल्या चिक्कपेटेसारखं. आणि गल्ली संपते तिथे कोणीतरी पडदा वर ओढल्यासारखं होतं. चारही बाजूंना दगडी घरं, एकमेकांना खांदा लावून उभी, आणि त्यांच्या माथ्यांवर सोनं. खरोखरचा सोन्याचा मुलामा. एका घरावर हंस, एकावर कोल्हा. समोर नगरभवनाचा उंचच उंच मनोरा, तोही बरोबर मधोमध नाही, जरा एका अंगाला सरकलेला. खाली काळे गुळगुळीत दगड. गाडी एकही नाही. मी टाळ्या वाजवल्या. अगदी खरोखर वाजवल्या, जवळच्या जपानी मंडळींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांनीही वाजवल्या.

भाची सांगत होती, हे घर पाववाल्यांच्या संघाचं, हे दारू गाळणाऱ्यांचं, ते नावाड्यांचं. गल्ल्यांची नावं लोण्याची गल्ली, माशाची गल्ली, टोपीवाल्यांची गल्ली. मी म्हटलं, म्हणजे आपलंच की, तांदळाची अक्किपेट, बांगड्यांची बळेपेट. फक्त यांनी सोनं लावलं आणि आपण वायरी. कधी काळी शत्रूने तोफा डागून हा सगळा चौक जाळला होता, आणि लोकांनी पाच-सहा वर्षांत पुन्हा उभा केला, असंही ती म्हणाली. "सगळा?" मी विचारलं. "जवळजवळ सगळा," ती म्हणाली, आणि मध्येच थांबली. हात पोटावर गेला. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना उभे, चौकातल्या गर्दीत. मी बोलायला तोंड उघडलं आणि मला काही सुचेना. त्या वेळी ते थांबणं फार लांबलं. मग तिने श्वास सोडला आणि म्हणाली, "तिकडे एक पुतळा आहे, चला."

पुतळा चौकाच्या कडेला, एका कमानीखाली. पितळेचा, आडवा झोपलेला कोणी वीर. त्याचा हात लोकांनी चोळून चोळून आरशासारखा केला होता. हात चोळला की नशीब उघडतं म्हणे. रांग लागली होती; गोरे, काळे, म्हातारे, कॉलेजची मुलं, सगळे हसत हसत येत आणि चोळून जात. अक्का बोलू शकत नव्हती, पण तिने माझ्याकडे असं पाहिलं की त्या नजरेत पूर्ण भाषण होतं: फोडणी केली तर घंटा वाजते, आणि हे?

"टुरिस्टांसाठी असतं ते," भाची म्हणाली. मग पुतळ्याजवळून पुढे जाताना, पदर सावरावा इतक्या सहज, तिने त्या पितळी हातावरून आपला हात फिरवला. अक्का नेमकी तेव्हा माझ्या हातातली पिशवी मागत होती. तिला ते दिसलं नाही.

पिशवीतून खोका काढून अक्का एकटीच पुढे गेली. जागा तिने अनुभवी नजरेने निवडली. गल्ली जिथे चौकाला मिळते तिथे एका दगडी पायरीच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली येणार नाही अशी. वाकली, खोका ठेवला, झाकण सरळ केलं आणि ताठ मानेने परत आली. आमच्याजवळ न थांबता पुढेच चालत राहिली, चौक ओलांडून पलीकडच्या गल्लीकडे. तिच्यामागे भाची, सातव्या महिन्याच्या चालीने. शेवटी मी.

मागे बघायचं नाही हा नेम ठेवणाऱ्याचा. माझा नाही, असं मी मनात ठरवलं आणि पाहिलं. आणि तेव्हा कुठे ती साधी गोष्ट माझ्या लक्षात आली. चामराजपेटेत उतारा ठेवता येतो, कारण तो सगळ्यांना वाचता येतो. लिंबू दिसलं की माणूस बाजूने जातो. ठेवणाऱ्याला ठाऊक असतं की कोणी हात लावणार नाही. इथे ते कोणालाच वाचता येत नव्हतं. इथे ती पायरीवर विसरलेली महागड्या चॉकलेटांची पेटी होती, सोनेरी फितीची. आणि सायकलचं शिरस्त्राण हातात घेतलेली एक मुलगी, असेल वीस-बावीसची, तिच्याजवळ थांबली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं. पेटी उचलली. आणि आमच्या दिशेने पळत सुटली.

इथेच मी एरवी पोलीस आणि कुत्रा आणतो.

मी हे लिहितोय ते चामराजपेटेत, माझ्या घरी. भाचीला नववा लागला आहे. अक्काने मुक्काम वाढवला, ती तिकडेच आहे. रोज फोन होतो. मी विचारत नाही, त्या सांगत नाहीत. आज पाऊस, आज ऊन, आज जावयांनी भाकरी करून पाहिली. पलीकडे बोलणं जरा थांबलं तरी मी घाईघाईने एखादी गंमत सांगू लागतो. परवा अक्काला विचारलं, ती खोली अजून बंदच का. म्हणाली, बंदच. फोन वाजला की बायको माझ्या आधी धावते.

तर ती मुलगी. "मादाम! मादाम!" करत ती दगडांवरून धावत आली. गोड चेहरा, घामेजलेला, आणि चांगलं काम केल्याचा आनंद त्यावर नुसता ओसंडत होता. पुढे अक्का थांबली नाही. पाठीत काठी घातल्यासारखी ती चालत होती, फक्त तिची पावलं आखूड झाली. तिला सगळं ऐकू येत होतं.

मुलीने आधी मला गाठलं आणि पेटी माझ्यापुढे धरली. इंग्रजीत म्हणाली, तुमची चॉकलेटं राहिली. मी हसलो. "थँक्यू" म्हणालो. हात पुढे करायचा होता, तो खिशात होता आणि खिशातच राहिला. मी त्याला सांगून पाहिलं. देव नाही यावर दोन तास बोलणारा मी, त्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे बघत नुसता उभा होतो. मुलीचं हसू जरा गोंधळलं. तिने खोका हलवून पाहिला. आत काहीतरी ओलं सरकल्याचा आवाज आला.

भाची वळली. तिने खोका पाहिला, मुलीला पाहिलं, माझा खिशातला हात पाहिला. मग आईच्या पाठीकडे पाहिलं, जी अजून वळली नव्हती. आई गल्लीत शिरेपर्यंत कसंबसं निभावावं एवढंच तिच्या मनात असावं. ती फ्रेंचमध्ये काहीतरी छान बोलली, दोन्ही हात पुढे केले आणि खोका घ्यायला एक पाऊल पुढे झाली. ज्या पोटावरून तो उतरवला होता त्याच पोटाशी ती तो धरणार होती.

भाचीचा आवाज अक्काने ओळखला. ती वळली. पूर्ण वळली आणि आली. सहासष्ट वर्षांची बाई त्या गुळगुळीत दगडांवरून जवळजवळ धावत आली. दोघींच्या मध्ये घुसली, पोरीचा हात बाजूला सारला आणि त्या परक्या मुलीपुढे स्वतःचे दोन्ही तळवे धरले. चौकातली माणसं वळून बघू लागली, कारण ती जे बोलली ते मोठ्याने बोलली:

"तू हात लावू नको गं. आण, मला दे ते, माझं काय व्हायचं राहिलंय आता."